दोन केडगाव आणि दोन बाई

(हा या भागाचा लिखित मजकूर आहे. बोलताना आलेले 'अं' आणि 'म्हणजे' काढून टाकलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आज स्टुडिओत पाहुणे नाहीत. स्टुडिओ म्हणजे काय, आमच्या छावणीतल्या घराची मागची खोली, पंखा बंद आणि खिडकीला गोधडी. मी एकटाच आहे. त्यामुळे मधेच कुकरची शिट्टी ऐकू आली तर सांभाळून घ्या.

आज एका बाईंबद्दल बोलायचंय. खरं तर दोन बाईंबद्दल. एक आमच्या गल्लीतल्या. दुसऱ्या इतक्या मोठ्या की शुक्र ग्रहावरच्या एका विवराला त्यांचं नाव दिलंय. खरंच, शोधून बघा, 'मेधावी' नावाचं विवर आहे. त्या पंडिता रमाबाई. लग्नानंतरचं आडनाव मेधावी.

आधी गल्लीतल्या बाई सांगतो, कारण त्यांच्याशिवाय मी दुसऱ्यांपर्यंत पोचलोच नसतो.

आमच्या बाई

आम्ही त्यांना नुसतं 'बाई' म्हणायचो. निवृत्त शिक्षिका. छावणीतल्या चर्चचा निम्मा कारभार त्यांच्या पिशवीत असायचा. कोणाच्या लग्नाला किती ताटं, कोण घाटीत ॲडमिट आहे, त्याला डबा कोण नेणार, कोणाच्या पोराची फी राहिलीय, सगळं तोंडपाठ. आम्ही त्यांच्या चर्चचे नाही, पण संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर गल्लीतली सगळी पोरं बसायची. मला वाचायला त्यांनी शिकवलं. पहिलीत असताना मी अक्षरं ओळखायचो, पण वाक्य म्हटलं की घाम फुटायचा.

बाईंचा एक नियम होता. त्या कधीच "समजलं का?" असं विचारायच्या नाहीत. म्हणायच्या, "समजलं का विचारलं की सगळे मान हलवतात. तू मला समजावून सांग बरं." आणि आपण सांगायला लागलो की आपल्यालाच कळायचं, आपल्याला काय कळलेलं नाही.

त्यांच्या शेल्फवर खाकी कव्हर घातलेलं एक जाडजूड बायबल होतं. बाई म्हणायच्या, "हे केडगावच्या रमाबाईंनी केलेलं आहे, आणि पहिल्यांदा छापलं ते बायकांनी." मी बरं म्हणायचो. पुढे बीटेक झालं, पुण्यात नोकरी लागली. पुण्याच्या एसटीत नगर सोडताना 'केडगाव' अशी पाटी दिसायची. दर वेळी वाटायचं, अच्छा, हेच ते बाईंचं केडगाव. एकदा तर फोटो काढून त्यांना पाठवला. उत्तर आलं, "हे नव्हे रे. ते दौंडजवळचं. ये एकदा, सांगते."

मी गेलो नाही. म्हणजे घरी यायचो, पण दोन दिवसांसाठी, आणि त्यातला एक झोपण्यात. गेल्या वर्षी बाई गेल्या. स्मरणसभेत मला दोन मिनिटं बोलायला सांगितलं. मी फोनवर चार ओळी लिहून नेल्या होत्या. 'कधीही भरून न येणारी पोकळी' वगैरे. वाचताना जाणवलं, हे कुणाच्याही सभेत चाललं असतं. मी बसलो तेव्हा मला स्वतःचीच लाज वाटत होती. त्यानंतर मी ते दुसरं केडगाव शोधायला घेतलं.

दुष्काळातली मुलगी

शाळेच्या पुस्तकात रमाबाई तीन ओळींत संपतात. विदुषी, शारदा सदन, मुक्ती सदन. मार्क मिळतात, पुढचा धडा. पण त्यांचं आयुष्य तारखेने बघितलं तर अंगावर येतं.

जन्म २३ एप्रिल १८५८. वडील अनंतशास्त्री डोंगरे. त्यांनी स्वतःच्या बायकोला संस्कृत शिकवायचं ठरवलं, यावरून विरोध झाला, तेव्हा ते कर्नाटकात गंगामूळच्या जंगलात जाऊन राहिले. तिथे रमाबाईंचा जन्म. आणि त्यांना संस्कृत कोणी शिकवलं? आईने, लक्ष्मीबाईंनी. पहाटे, घरकामाला जुंपायच्या आधी. बाईने बाईला शिकवायचं, ही साखळी तिथून सुरू होते.

नंतर हे कुटुंब पुराणं सांगत तीर्थक्षेत्रं फिरायला लागलं. दुष्काळ पडला. रमाबाई सोळा वर्षांच्या असताना काही महिन्यांत वडील, आई आणि मोठी बहीण गेली. उपासमारीने. उरले दोघं, रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. दोघं देशभर फिरले, बरंचसं पायी. १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि 'पंडिता' आणि 'सरस्वती' अशा पदव्या दिल्या.

आपल्याकडे गोष्ट इथे संपली असती. 'संघर्षातून यश', स्टेटसला फोटो. पण १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केलं. जात वेगळी, प्रांत वेगळा, आणि लग्न नोंदणी पद्धतीने. १८८१ मध्ये मुलगी झाली, मनोरमा. १८८२ च्या सुरुवातीला कॉलऱ्याने नवरा गेला.

वय तेवीस. विधवा. कडेवर तान्ही पोर. माहेर नाही, सासर नाही. मी तेवीसचा असताना पुण्यात वन बीएचकेच्या डिपॉझिटवरून रडत होतो.

त्या पुण्यात आल्या. त्याच वर्षी 'आर्य महिला समाज' काढला, 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिलं आणि सरकारच्या हंटर शिक्षण आयोगासमोर साक्ष दिली. मराठीत दिली, बरं का. मागण्या अगदी रोकड्या होत्या. मुलींच्या शाळांना शिक्षिका हव्यात, तपासणीला बायका हव्यात, आणि बायकांना वैद्यकीय शिक्षण मिळायला हवं.

डॉक्टर व्हायचं म्हणून त्या स्वतः १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. पण त्यांना ऐकायला कमी यायचं, त्यामुळे डॉक्टरकी बारगळली. मग चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात शिकल्या आणि तिथेच संस्कृत शिकवलं. कमी ऐकू येणारी विद्यार्थिनी पुढे शिक्षिका झाली.

धर्मांतर आणि भांडणं

आता तो भाग, ज्यावर कमेंटमध्ये भांडणं होतात. १८८३ मध्येच इंग्लंडमधल्या वॉन्टेज इथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. पुण्यात खळबळ उडाली. टीका करणारे पुष्कळ होते. त्यांच्या बाजूने जाहीरपणे उभे राहिलेल्यांत जोतीराव फुले होते, त्यांनी १८८५ च्या 'सत्सार'मध्ये लिहिलं.

पण मला जास्त भावलं ते वेगळंच. ख्रिस्ती झाल्यावर रमाबाई तिकडच्यांच्याही ताब्यात गेल्या नाहीत. ज्या सिस्टरकडे त्या राहत होत्या त्यांच्याशी पत्रांतून अक्षरशः वाद घातले. क्रॉसवर लॅटिन शब्द कोरलेले होते, तर यांचं म्हणणं, लॅटिनच का? माझ्या देशाची भाषा आहे, संस्कृत लिहा. शाकाहार सोडला नाही, साडी सोडली नाही. कोणाचा तरी अधिकार आहे म्हणून ऐका, हे त्यांना पटायचं नाही. इकडचे म्हणायचे तू आमची राहिली नाहीस, तिकडचे म्हणायचे तू अजून पुरती आमची झाली नाहीस. ऑफिसात दोन टीमच्या मधे अडकलेल्या माणसाला हे बरोबर कळेल.

१८८६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या, निमित्त आनंदीबाई जोशींच्या डॉक्टरकीच्या पदवीदानाचं. तिथे बालवाडी कशी चालवायची हे शिकल्या. १८८७ मध्ये 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' हे पुस्तक लिहिलं, व्याख्यानं देत फिरल्या, आणि बॉस्टनमधल्या लोकांनी दहा वर्षं मदत करायची म्हणून संस्था काढली. आजच्या भाषेत क्राउडफंडिंग. फक्त लिंक नव्हती, गावोगावी उभं राहून बोलावं लागायचं.

११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन सुरू झालं, विधवांसाठी शाळा आणि वसतिगृह. पुढच्याच वर्षी ते पुण्याला हललं. तिथल्या अगदी सुरुवातीच्या विद्यार्थिनी होत्या गोदूबाई, बालविधवा. १८९३ मध्ये त्यांनी धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला. हेच महर्षी कर्वे, ज्यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढलं. आज ज्याला आपण एसएनडीटी म्हणतो. तुमच्या ओळखीतली एखादी तरी तिथे शिकली असेल. शारदा सदनाची पोच तिथपर्यंत आहे.

त्याच १८९३ मध्ये सदनावर मोठं संकट आलं. रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करायच्या, दार उघडं असायचं, काही मुली येऊन बसायला लागल्या. पुण्यात आरोप झाला की शाळेच्या नावाखाली धर्मांतर चाललंय. 'केसरी'ने टीका केली. रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळावर होते, ते बाहेर पडले. बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या.

मी इथे न्यायाधीश होणार नाही. पालकांना शब्द दिला होता की धर्मात ढवळाढवळ होणार नाही. त्यांना फसवल्यासारखं वाटलं, हे मला कळतं. रमाबाईंचं म्हणणं होतं, मी माझ्या खोलीचं दार का लावू? तेही कळतं. मी लहानपणी ज्या ओट्यावर शिकलो, त्याच्या आतल्या खोलीतून प्रार्थना ऐकू यायची. आमच्या आईला त्यात काही वाटलं नाही. पण १८९३ चं पुणं म्हणजे २००० ची आमची गल्ली नव्हे.

दुसरं केडगाव

मग १८९६. मध्य प्रांतात दुष्काळ. रमाबाई तिथे गेल्या. सोळाव्या वर्षी ज्या मुलीचं घर दुष्काळाने खाल्लं, ती अडतिसाव्या वर्षी दुष्काळात शिरली आणि शेकडो मुली आणि बायका घेऊन परत आली. पण तोवर पुण्यात प्लेगची साथ आली, इतक्या लोकांना शहरात ठेवता येईना. मग पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या रेल्वे लाइनवर केडगावला घेतलेल्या जमिनीवर तंबू ठोकले. तेच 'मुक्ती'. बाईंचं केडगाव.

१९०० मध्ये गुजरातकडे दुष्काळ पडला, तिकडूनही मुली आल्या. त्या सुमारास मुक्तीत दीड-दोन हजार माणसं होती. आता जरा डोळ्यांसमोर आणा. रोज दीड-दोन हजारांचा स्वयंपाक. विहिरी खोदायच्या, शेती करायची, तेलघाणा, विणकाम, शिवण, धोबीकाम, छापखाना, आणि त्यात शाळा. सगळं बायका करत होत्या. अंध मुली होत्या, त्यांना रमाबाईंची लेक मनोरमा ब्रेल शिकवायची. वृद्धांसाठी वेगळी व्यवस्था होती, ज्यांना कुठेच थारा नव्हता त्यांच्यासाठी वेगळी. मोठं चर्च बांधलं, तिथे बायका उभ्या राहून मोठ्याने प्रार्थना करायच्या आणि जवळच्या गावांत बोलायला जायच्या. ज्या काळात बाईने चारचौघांत तोंड उघडणं हाच विषय होता, त्या काळात.

आपल्या भागाशीही धागा आहे. १९१२-१३ च्या सुमारास या मायलेकींनी गुलबर्ग्याला शाळा काढली, मनोरमाबाईंनी ती सांभाळली. गुलबर्गा तेव्हा निजामाच्या राज्यात, म्हणजे आपलं औरंगाबाद ज्या राज्यात होतं त्याच.

एक शब्द, पंधरा वर्षं

आणि आता ते खाकी कव्हरवालं पुस्तक.

त्याआधी माझी एक फजिती ऐका. दोन वर्षांपूर्वी आम्ही बचत गटांच्या हिशोबाचं ॲप करत होतो. मराठी मजकुराचं काम माझ्याकडे, कारण टीममध्ये मराठी मीडियमचा मी एकटा. मी झोकात लिहिलं, 'प्रमाणीकरण अयशस्वी. कृपया वैध संकेतांक प्रविष्ट करा.' टेस्टिंगला पैठण तालुक्यातल्या एका गावात गेलो. एक ताई, गटाचा हिशोब वीस वर्षं वहीत चोख ठेवणाऱ्या. त्यांनी ते वाचलं, दोनदा वाचलं, आणि फोन माझ्याकडे देऊन म्हणाल्या, "भाऊ, हे आमचं काम नाही. शिकलेल्या पोरींना द्या."

चूक माझी होती, आणि लाज त्यांना वाटली. मला म्हणायचं इतकंच होतं, 'नंबर चुकला. परत टाका.'

आता रमाबाई बघा. संस्कृतच्या पंडिता. जड शब्द वापरायचा हक्क या देशात कुणाला असेल तर यांना. मराठीत बायबल आधीपासून होतं. पण त्यांना दिसलं की समोर बसलेल्या मुलींना ते कळत नाही. भाषा संस्कृताळलेली, पुस्तकी. मुली दुष्काळातून आलेल्या, कोणी गुजरातमधली, कोणी मध्य प्रांतातली, बऱ्याच जणी आत्ता कुठे अक्षरं जोडायला लागलेल्या. तेव्हा रमाबाईंनी ठरवलं की आपण नव्याने भाषांतर करायचं, साध्या मराठीत. इंग्रजीवरून नाही, मूळ भाषांवरून. त्यासाठी पन्नाशीच्या आसपास हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. मराठीतून हिब्रूचं व्याकरणही लिहिलं.

पंधराहून अधिक वर्षं हे काम चाललं. दीड-दोन हजारांचं गाव सांभाळून. मुक्तीतल्या बायका खिळे जुळवायच्या, प्रुफं तपासायच्या, छापायच्या, पानं शिवायच्या. म्हणजे ज्यांच्यासाठी पुस्तक लिहिलं जात होतं, त्यांच्याच हातातून ते जात होतं. आमच्या धंद्यात याला युजर टेस्टिंग म्हणतात आणि रिलीजच्या आदल्या आठवड्यात घाईघाईने उरकतात.

इंग्लंडमध्ये तरुणपणी याच बाईंनी संस्कृतसाठी भांडण काढलं होतं, आठवतंय ना? लॅटिन नको, संस्कृत लिहा. आणि उतारवयात त्याच संस्कृतचे जड शब्द त्या एकेक करून वेचून बाजूला ठेवत होत्या. संस्कृतवरचं प्रेम आटलं म्हणून नाही. समोर बसलेली मुलगी बदलली म्हणून. मला वाटतं, शिक्षक असणं म्हणजे हेच. आपल्याला जे सगळ्यात चांगलं येतं, ते तिच्या वाटेत येत असेल तर बाजूला ठेवायचं.

१९१९ मध्ये सरकारने कैसर-ए-हिंद पदक दिलं. १९२१ मध्ये मनोरमा गेली, जेमतेम चाळिशीची. सगळा कारभार तिच्यावर सोपवायचा होता. आई, वडील, बहीण, भाऊ, नवरा, आणि शेवटी लेक. त्यानंतर वर्षही झालं नाही, ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. असं सांगतात की शेवटचं प्रुफ हातावेगळं करूनच गेल्या. पूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर आलं, त्यांनी ते बांधलेलं पाहिलं नाही.

मग मी काय केलं

त्या ॲपचं पुढे काय झालं, ते सांगतो. मी सगळे मेसेज परत लिहिले. या वेळी खोलीत बसून नाही. आमच्या आईला, तिच्या भिशीतल्या मावश्यांना स्क्रीन दाखवली आणि विचारलं, "यात काय लिहिलंय, मला समजावून सांगा." बाईंचाच नियम. जिथे त्या अडखळल्या तिथे शब्द बदलला. एकशे चाळीसपैकी नव्वद बदलावे लागले. त्या पैठणच्या ताई आता ॲप वापरतात की नाही, मला माहीत नाही. मी ती कंपनी सोडली. पण पुढच्या अपडेटला नवे शब्द गेले, एवढं बघूनच सोडली.

आणि स्मरणसभेत जे बोलायला हवं होतं, ते आज बोलतो. बाई, तुम्ही दोनशेएक पोरांना वाचायला शिकवलं असेल. तुमचा मोजायचा स्वभाव नव्हता, हा माझा हिशोब आहे. तुम्ही आमच्यासमोर कधी मोठा शब्द वापरला नाहीत. मला वाटायचं तुम्हाला येतच नसतील. तुमच्या खोलीत संस्कृतची तीन पुस्तकं निघाली, तुमच्या हाताच्या टिपणांसकट. तुम्ही आमच्यासाठी काय काय बाजूला ठेवलं होतंत, ते मी विचारलंच नाही.

मंडळी, तुमच्याही गल्लीत अशा कुणी बाई असतील. शाळेतल्या, चर्चमधल्या, देवळातल्या, मशिदीशेजारच्या. फोन तर खिशात आहेच. जाऊन बसा, रेकॉर्डिंग चालू करा आणि विचारा, "बाई, तुम्ही कुणाकडून शिकलात?" त्या आधी नको म्हणतील. चहा होईपर्यंत थांबा, मग बोलतील.

येत्या ५ एप्रिलला मी केडगावला जाणार आहे. दौंड लाइनवरच्या. फोटो काढेन. पाठवायला आता तो नंबर नाही, म्हणून आमच्या गल्लीच्या ग्रुपवर टाकेन. बाईंच्या ओट्यावरची सगळी पोरं तिथे आहेत.

कुकरची शिट्टी झाली, ऐकलीत ना? पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या.